रोज २०० किलो चोथा, गरज एका बादलीची

पत्र : ताई, नमस्कार. वर्षभरापासून घरामागच्या खोलीत धिंगरी (ऑयस्टर) मशरूम करते आहे. गव्हाच्या काडाच्या दोन-दोन किलोच्या पिशव्या भरते. खोलीत एका वेळी २०० पिशव्या मावतात. बरं चाललं होतं. मग ओळखीतून एका बिअर कारखान्यातला धान्याचा चोथा मिळायला लागला, आणि एका कॉफीच्या दुकानातला कॉफीचा गाळही. भाऊजी म्हणाले, फुकटात मिळतंय तर काडावर कशाला खर्च करायचा? म्हणून निम्मं काड आणि निम्मा चोथा अशा ४० पिशव्या भरल्या. काड नेहमीसारखं गरम पाण्यातून काढलं, चोथा मात्र कारखान्यात शिजूनच येतो म्हणून तसाच घातला. एक किलो बियाणं चाळीस पिशव्यांना पुरवलं. ३१ पिशव्या वाया गेल्या. आंबूस वास, पाणी सुटलेलं, हिरवे डाग. उरलेल्या ९ पिशव्यांना मशरूम आले, पण देठ बोटभर लांब आणि टोपी बटणाएवढी. तोडणी जाऊबाई करतात, त्यांना दहा दिवसांपासून कोरडा खोकला आहे. आता कारखान्याचे साहेब म्हणताहेत, रोजचा २०० किलो चोथा तुम्हीच उचला, तसा लेखी करार करू, पण एकही दिवस खाडा चालणार नाही. भाऊजी म्हणतात सही कर. मला रात्रीची झोप लागत नाही. काय करू? आणि कॉफीचा गाळ वापरावा का?

उत्तर : सही करू नका. बाकीचं सगळं सावकाश बोलू, पण हे आधी. आणि त्याच्याही आधी जाऊबाईंना डॉक्टरांकडे न्या, आणि धिंगरीच्या खोलीत काम करतात हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. धिंगरी पिकली की ढगासारखे बीजाणू सोडते. ते रोज छातीत जात राहिले तर काही जणांच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जी होते. मशरूमच्या कामगारांना होणारा हा आजार वैद्यकात चांगला माहीत आहे. खोकला साध्या सर्दीचाही असेल, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर त्यांना तोडणीपासून लांब ठेवा. पुढेही टोपीची कड खाली वळलेली असतानाच तोडा. कड सपाट होऊन वर वळायला लागली की बीजाणू सुटायला लागलेच म्हणून समजा. खोलीत पांढरी पूड बसलेली दिसली की तोडणीला उशीर झाला. आणि तोंडाला रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा घट्ट बसणारा मास्क लावा.

आता चोथा. भाऊजींचा हिशोब चुकलेला नाही, तो अर्धवट आहे. तो आपण पूर्ण करू.

बिअरच्या ओल्या चोथ्यात १०० किलोंमागे ७५ ते ८० किलो पाणीच असतं. म्हणजे साहेब तुम्हाला रोज २०० किलो देताहेत त्यात साधारण ४४ किलो कोरडा माल, उरलेलं पाणी. हा चोथा काडात किती मिसळायचा? घरगुती सोयीत, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं मोठं यंत्र (ऑटोक्लेव्ह) नसताना, कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असं माझं मत आहे. ४४ किलो म्हणजे दहा टक्के धरले, तर बाकीचे नव्वद टक्के भरायला रोज ३९६ किलो कोरडं काड लागेल. एकूण कोरडा माल ४४० किलो. त्यात ६५ टक्के ओल आली की ओलं वजन साडेबाराशे किलोंच्या पुढे जातं. दोन किलोच्या पिशव्या केल्या तर रोज सव्वासहाशे पिशव्या. भरल्यापासून शेवटच्या तोडणीपर्यंत एक पिशवी खोलीत साधारण पन्नास दिवस मुक्काम करते. म्हणजे एका वेळी ३१ हजार पिशव्या. तुमच्या खोलीत मावतात २००.

उलटा हिशोब तर याहून बोलका आहे. २०० पिशव्यांच्या खोलीत पन्नास दिवसांचं चक्र धरलं तर आठवड्याला २८ पिशव्या नव्याने भरायच्या. एका पिशवीत ७०० ग्रॅम कोरडा माल, त्याचा दहावा हिस्सा ७० ग्रॅम, म्हणजे ओला चोथा सव्वातीनशे ग्रॅमच्या आत. अठ्ठावीस पिशव्यांना मिळून नऊ किलो. आठवड्याला. एक बादली. ते रोज २०० किलो देताहेत आणि तुम्हाला सात दिवसांत नऊ किलो हवेत. उरलेलं कुठे टाकणार? तीन दिवसांत शेजारी तक्रार करतील, आठव्या दिवशी माश्या. कारखान्याची अडचण तुमच्या अंगणात येईल, एवढाच त्या कराराचा अर्थ. १०० लिटर बिअरमागे वीसेक किलो ओला चोथा निघतो, तेव्हा हे साहेब रोज हजारेक लिटरच करत असतील. एवढ्या छोट्या कारखान्यालाही तो झेपत नाही, म्हणूनच ते फुकट द्यायला तयार आहेत.

तरीही चोथा वाईट नाही हो. चोथा चांगलाच आहे. फक्त तो खुराक आहे, आणि तुम्ही त्याला रोजचं जेवण केलंत.

धिंगरी मुळात लाकडावर वाढणारी. लाकूड आणि काड यांच्यातलं अन्न लिग्निन नावाच्या कडक पदार्थात अडकलेलं असतं. त्याला कुलूप म्हणा. ते उघडायच्या किल्ल्या, म्हणजे विकरं, धिंगरीकडे असतात. बहुतेक जिवाणूंकडे आणि हिरव्या बुरशीकडे तशा नसतात. म्हणून नुसत्या काडावर धिंगरीला फारशी स्पर्धा नसते, सावकाश वाढली तरी चालतं. काडात नत्र अर्धा-पाऊण टक्का. बिअरच्या चोथ्यात तीन-चार टक्के, वर थोडी उरलेली साखर आणि पिठूळ अंश. हे उघडं कोठार. त्याला किल्ली लागत नाही, कोणीही यावं आणि खावं. आणि धावण्यात जिवाणू आणि हिरवी बुरशी धिंगरीच्या कितीतरी पुढे. निम्मा चोथा घालून तुम्ही पिशवीतलं नत्र जवळपास दोन टक्क्यांवर नेलंत, आणि दार उघडं ठेवलंत. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई पडली तेव्हा जर्मनीत धिंगरीची पहिली पद्धतशीर लागवड झाली ती झाडांच्या खुंटांवर. खुंटापेक्षा कंजूष अन्न कुठलं? तरी पीक आलं. धिंगरीला गरिबी सोसते, पंगत नाही.

‘शिजूनच येतो’ ही तुमची दुसरी चूक, आणि ही चूक सगळेच करतात. कारखान्यात धान्य उकळत नाहीत. ६५ अंशांच्या आसपास तासभर भिजत ठेवतात आणि शेवटी जरा जास्त गरम पाण्याने धुतात. हे तापमान पुष्कळसे जंतू मारतं, सगळे नाही. काहींची बीजं तर उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. मग तो चोथा ड्रममध्ये कोमट-कोमट पडून राहतो. एकदा मी आदल्या दिवशीच्या ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घातला होता. वरचा थर गार, चार बोटं खाली कोमट, आणि मधोमध हात ठेववेना इतकं गरम. चूल नाही, ऊन नाही, मग ऊब कुठली? आतले जिवाणू जेवत होते, त्यांची. हात बाहेर काढला तर बोटांना ताकाचा वास. तो चोथा मी तरीही वापरला, कारण आणायला अर्धा दिवस गेला होता. पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या ३१ पिशव्यांनी सांगितलंच आहे.

चोथा ज्या दिवशी निघतो त्याच दिवशी आणा, गरम असतानाच. चोवीस तासांत वापरा. जमत नसेल तर चादरीवर बोटभर जाडीचा थर पसरून कडक उन्हात एका दिवसात वाळवा. मुठीत घेतल्यावर भुशासारखा खुळखुळला पाहिजे, तरच साठवा. ढगाळ हवेत वाळवायला घालूच नका. निम्मा वाळलेला चोथा हा सगळ्यात धोक्याचा, त्यावर येणाऱ्या काही बुरशी विषारी द्रव्यं सोडतात आणि ती नुसत्या वाफेने जात नाहीत. ज्या चोथ्यावर आधीच रंगीत बुरशी दिसते तो ‘उकळला की झालं’ म्हणून घ्यायचा नाही. फेकायचा.

वापरायच्या आधी चोथा कापडात बांधून पिळा. हे काम कंटाळवाणं आहे, पण तुमच्या पिशव्यांना सुटलेलं पाणी इथूनच आलंय. गरम पाण्यातून काढून नुसतं निथळलेलं काड पाऊण हिस्सा पाणीच असतं. त्यात पाऊण हिस्सा पाणी असलेला चोथा मिसळला, तर पिशवीही पाऊण हिस्सा पाण्याचीच होणार. हवी असते ६० ते ६५ टक्के ओल. म्हणून चोथा घालायचा असेल त्या दिवशी काड नेहमीपेक्षा जास्त वेळ निथळू द्या, जाळीवर पसरून, मध्ये एकदा खालीवर करून. मग तयार मिश्रण मुठीत घेऊन जोरात दाबा. बोटांच्या बेचक्यात दोन-तीन थेंब जमावेत. धार लागली तर पिशवी भरू नका. हात नुसता ओलसर झाला आणि थेंबच आला नाही तर किंचित पाणी शिंपडा. ही मुठीची परीक्षा प्रत्येक घमेल्याला घ्यायची, दिवसातून एकदा नव्हे.

आणि तापवायचं दोन्ही. काड तुम्ही ६५ ते ७५ अंशांच्या पाण्यात दीड-दोन तास बुडवून ठेवत असाल तर तेच चालू ठेवा. मात्र ‘गरम पाण्यातून काढलं’ असं लिहिलंय तुम्ही, त्यात तापमान नाही आणि वेळही नाही. तापमापी घ्या आणि ती काडाच्या मधोमध खुपसा, कडेच्या पाण्यात नको. चोथा वेगळा, सैल गाठोड्यात बांधून वाफेवर ठेवा आणि गाठोड्याच्या पोटात ९० अंश झाल्यावर पुढे दोन तास मोजा. घड्याळ चूल पेटवल्यापासून लावायचं नाही. चुन्याच्या गार पाण्यात काड भिजवायची पद्धत नुसत्या काडाला छान चालते, चोथ्याला नाही. आंबायला लागलेल्या चोथ्यातलं आम्ल चुन्याचा जोर मारतं. मिश्रणात कोरड्या वजनाच्या एक-दोन टक्के जिप्सम टाका, माल चिकटून गोळा होत नाही. मिश्रण २५ ते २८ अंशांपर्यंत निवल्याशिवाय बियाणं घालायचं नाही. घाईत गरम काडावर बियाणं टाकलं की ते तिथेच भाजतं, आणि लोक दोष बियाणेवाल्याला देतात.

बियाणं! चाळीस पिशव्यांना एक किलो म्हणजे पिशवीला २५ ग्रॅम. दोन किलोच्या पिशवीला किमान ६० ते ८० ग्रॅम घाला, खुराक घातलेल्या पिशवीला १०० सुद्धा. तुमच्या किलोत बारा ते सोळा पिशव्या होतील, बस्स. इथे काटकसर करणं म्हणजे शर्यतीत आपलाच गडी लंगडा करून उतरवणं आहे. जिकडेतिकडे बियाणं पसरलं तर दहा-बारा दिवसांत धिंगरीचे पांढरे धागे एकमेकांना भेटतात आणि हिरव्या बुरशीला जागा उरत नाही.

खुराकाची पिशवी नुसत्या काडाच्या पिशवीपेक्षा आतून जास्त तापते. खोलीत २६ अंश असले तरी पोटात तीन-चार अंश जास्त सहज. मधल्या रांगेत दोन पिशव्यांच्या मध्ये तापमापी ठेवून बघा. तिथे ३२ च्या वर गेलं तर रांगा मोकळ्या करा, पिशव्या एकमेकींना टेकू देऊ नका.

वास ओळखायला शिका. पत्रात तुम्ही वास लिहिलात म्हणून मला निदान करणं सोपं गेलं. ताकासारखा आंबूस म्हणजे ओल जास्त आणि जिवाणू. सडक्या अंड्यासारखा म्हणजे आत हवाच पोचत नाही. हिरवे डाग आधी दाट पांढरेच असतात, दोन दिवसांनी हिरवे होतात, म्हणून नवख्याला वाटतं छान वाढ होतेय. अशी पिशवी खोलीत उघडायची नाही, झटकायची नाही, हिरवा भाग चमच्याने खरवडून ‘वाचवायची’ तर मुळीच नाही. प्लास्टिकची दुसरी पिशवी तिच्यावर चढवून तोंड बांधा आणि खोलीपासून लांब नेऊन पुरा. त्या ३१ अजून खोलीत असतील तर हे पत्र वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा.

लांब देठ आणि बटणाएवढी टोपी, याचा चोथ्याशी संबंध नाही. ते खोलीचं. धिंगरीसुद्धा श्वास घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. मोड फुटल्यावर हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत हजार भागांच्या खाली असावं. ते वाढलं की देठ मोकळी हवा शोधत लांबतो आणि टोपी फुगतच नाही. उजेड अगदीच नसेल तरी असंच होतं. तुम्ही ओल टिकवायला खोली गच्च बंद ठेवत असणार. धागे पसरण्याच्या दोन-तीन आठवड्यांत ते चालतं. मोड दिसल्यावर मात्र दिवसातून चार-पाच वेळा दार-खिडकी उघडून खेळती हवा द्या. दाराला आणि खिडकीला बारीक जाळी हवी, कारण चोथ्याच्या वासावर काळी चिलटं येतात आणि त्यांच्या अळ्या धागेच खातात. पाणी भिंतींवर आणि जमिनीवर शिंपडा, कोवळ्या मोडांवर थेट नको. छापील मजकूर वाचता येईल एवढा उजेड पुरे.

आता कॉफीचा गाळ. लोकांना तो फार आवडतो, मलाही आवडायचा. वास छान, दिसायला स्वच्छ, जवळजवळ उकळत्या पाण्यातून नुकताच आलेला. मी एकदा तीस पिशव्या नुसत्या गाळाच्या भरल्या होत्या. सव्वीस हिरव्या झाल्या. कारण साधं आहे. गाळ इतका बारीक असतो की ओला झाल्यावर मातीसारखा दाबून बसतो, आतल्या धाग्यांना हवा मिळत नाही. नत्र काडाच्या तिप्पट-चौपट. शिवाय त्यात थोडं कॅफीन उरलेलं असतं. धिंगरी ते काही अंशी पचवते, पण त्याच्यामुळे वाढ मंदावते. म्हणून गाळही त्याच दिवशीचा घ्या आणि कोरड्या वजनाच्या दहा ते वीस टक्क्यांपर्यंतच काडात मिसळा. चोथा आणि गाळ एकाच पिशवीत घालायचे असतील तर दोन्ही मिळून दहा. कॉफीचे कागदी गाळणे असतील तर फाडून तेही मिश्रणात घाला, कागद म्हणजे लाकूडच. चहाचा चोथाही जमतो, पण दूध-साखर घालून उकळलेला नको, तो खोलीत आणणं म्हणजे जिवाणूंना आवतण.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या पत्रात विचाराल म्हणून फळांच्या रसाचंही सांगते. सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा चोथा साखरेने ओथंबलेला असतो, एका रात्रीत दारूसारखा वास मारतो. तो वाळवूनच, थोडासा. द्राक्षबागेत तांब्याची बुरशीनाशकं मारतात, आणि मशरूम असे धातू शोषून स्वतःत साठवतात. बुरशीनाशक मारलेल्या मालावर बुरशीच वाढवायची हे तसंही हास्यास्पद. उसाचं चिपाड मात्र वेगळ्या जातीचं. त्यात नत्र काडापेक्षाही कमी, सांगाडा उत्तम. उरलेली साखर धुऊन काढली की ते काडाची जागा घेऊ शकतं, आणि मग त्याच्यावर तुमच्या चोथ्याचा खुराक खरा शोभतो. सगळ्या टाकाऊ मालाकडे असंच बघा, हा सांगाडा की हा खुराक? काड, पेंढा, चिपाड, कापसाचा टाकाऊ माल, लाकडाचा भुसा हे सांगाडे. धान्याचा चोथा, कोंडा, कॉफीचा गाळ, पेंड हे खुराक. नुसत्या खुराकाची पिशवी कधी भरायची नाही.

कारखान्यात अजून एक गोष्ट विचारा, आणि आडून नव्हे, सरळ विचारा : टाक्या धुण्याचं रसायन आणि चोथा एकाच नाल्यातून किंवा एकाच ड्रममधून जातात का? टाक्या धुवायला कॉस्टिक वापरतात. ज्या ड्रममध्ये कधी रसायन होतं त्यातला चोथा नको. तुमचा ड्रम तुम्ही न्या.

आता भाऊजींचं. त्यांना ‘ताई नाही म्हणाली’ एवढंच सांगितलंत तर ते ऐकणार नाहीत, आणि ऐकू पण नये. त्यांच्या हातात काटा द्या. या आठवड्याच्या २८ पिशव्यांचे चार गट करा. सात नुसत्या काडाच्या, सात पाच टक्के चोथ्याच्या, सात दहा टक्क्यांच्या आणि सात भाऊजींच्या मर्जीच्या, त्यांना हवा तेवढा चोथा. प्रत्येक पिशवीवर गट आणि तारीख लिहा. बाकी सगळं सारखं : तेच बियाणं, तितकंच बियाणं, तीच रांग. तोडणीचं वजन वहीत भाऊजींनीच लिहायचं. शेवटी ओल्या मशरूमचं एकूण वजन भागिले पिशवीतला कोरडा माल, गुणिले शंभर. ७०० ग्रॅम कोरड्या मालावर सगळ्या तोडण्या मिळून ४५० ग्रॅम आले तर ६४ टक्के. खुराकाने ५६० आले तर ८०.

पण वाया गेलेल्या पिशव्या त्यात धरायच्या, लोक नेमक्या त्याच विसरतात. नुसत्या काडाच्या सातही पिशव्या ४५० ग्रॅमप्रमाणे आल्या तर ३ किलो १५० ग्रॅम. खुराकाच्या सातांतल्या दोन हिरव्या झाल्या आणि पाच ५६० प्रमाणे आल्या तर २ किलो ८००. म्हणजे दरेक पिशवीत जास्त पीक येऊनही एकूणात तोटा. सातांत एकच पिशवी गेली तर मात्र ३ किलो ३६०, थोडा फायदा. चोथा घ्यायचा की नाही हा सगळा प्रश्न या एका पिशवीवर येऊन थांबतो. ती वाचवायची तर पिळणं, वाफ, वेळ आणि भरपूर बियाणं लागतं, आणि ती मेहनत तुमच्या घरात कोण करणार हे तुम्हालाच ठाऊक.

प्रयोगाच्या पिशव्यांत एखादी लांब देठाची, करड्या टोपीची, एका दिवसात काळी शाई होऊन गळणारी छत्री उगवली तर घाबरू नका आणि चाखूनही बघू नका. काडातून येणारं ते तण आहे, काड तापवताना तापमान कमी पडल्याची खूण. आपण पेरलं नाही ते खायचं नाही, कितीही गोंडस दिसलं तरी.

संपलेल्या पिशव्यांतला माल कंपोस्ट खड्ड्यात किंवा गांडूळखतात घाला. गुरांना घालायचा विचार असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा, हिरवी बुरशी लागलेला तर कधीच नाही.

साहेबांना नाही म्हणताना तोडून बोलू नका, पुढे बादलीसाठी त्यांच्याकडेच जायचंय. सरळ सांगा, ‘साहेब, दोनशे किलो माझ्या खोलीला झेपत नाही, पण आठवड्यातून एकदा ताजा दहा किलो द्याल तर मी स्वतः येऊन नेईन.’ उरलेल्या चोथ्यासाठी त्यांना गुरं पाळणाऱ्यांचा रस्ता दाखवा. ताजा चोथा दुभत्या जनावरांना मोठ्या प्रमाणावर चालतो आणि जगभर चोथ्याचा मोठा हिस्सा तिकडेच जातो. त्यांचीही सोय होईल, तुमच्यावरचा रागही जाईल. ते आठवड्याला दहा किलोसाठी दार उघडायला तयार नसतील तर तोही निकाल लागला. तुमच्या नऊ किलोंची जागा कोरडा गव्हाचा कोंडा घेऊ शकतो. तो पिळावा लागत नाही, पण तोही खुराकच, तेव्हा प्रमाण पाच टक्क्यांपासून सुरू करा आणि वाफ त्यालाही द्या.

न्यायची बादली घट्ट झाकणाची असू द्या, आणि काठोकाठ भरू नका. गाडीच्या पुढ्यात ठेवलेली उघडी बादली एका खड्ड्यात हिंदकळली की आतलं पाणी पायावर येतं. चोथा गरम असतानाच आणा, असं मीच वर लिहिलंय. माझ्या डाव्या पावलावर त्याचा डाग अजून आहे.